जुन्या वाटा आणि अनाथोथचे शेत

काळ बदलतो आहे, म्हणून ख्रिस्ती मंडळीने पूर्वीपेक्षा अधिक घट्ट मिटून बसावे, असा उपदेश सातपुड्याच्या या बाजूस हल्ली वारंवार ऐकू येऊ लागला आहे. तो करणारी माणसे हलक्या मनाची अथवा अल्प श्रद्धेची नाहीत. ज्यांनी आयुष्यभर उपासनेची घंटा वेळेवर वाजवली, साथीच्या व टंचाईच्या वर्षांत घरोघर जाऊन प्रार्थना केली आणि मंडळीच्या मिळकतीतला एक पैसाही कधी इकडचा तिकडे होऊ दिला नाही, असे हे वडील बंधू आहेत, आणि त्यांच्याविषयीचा आदर मनात तसाच ठेवून मी हा प्रतिवाद लिहिण्यास बसलो आहे. त्यांचे म्हणणे होईल तितक्या न्यायाने मांडायचे तर असे आहे : देव अविकारी आहे, त्याचे वचन अविकारी आहे, म्हणून त्याची उपासना करणाऱ्या मंडळीनेही आपली रीत, आपली गीते, आपली भाषा आणि आपला कारभार पूर्वजांनी ठेवला तसाच ठेवला पाहिजे, जग विनाशाकडे चालले आहे, आपण संख्येने मूठभर आहो, आणि बदलाला एकदा दार उघडले की विश्वासच त्या दाराने निघून जाईल. या म्हणण्यातली भीती खरी आहे व प्रेमही खरे आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र शास्त्राला धरून नाही आणि आमच्या मराठी ख्रिस्ती परंपरेलाही धरून नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्या मुलखात हा वाद चालला आहे त्याची हकीकत प्रथम ध्यानात घ्यावी. देडतलाई हे बुऱ्हाणपूरहून धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, मेळघाटाच्या उंबरठ्यावरचे गाव. इथला माणूस आपल्या जागेवरून हलला नाही, तरी त्याच्या भोवतीचा सारा कारभार हलला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा वऱ्हाड आणि नागपूर जुन्या मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेले, राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, आणि कालपर्यंत एकाच सरकारच्या दप्तरात असलेली धारणी व देडतलाई दोन राज्यांच्या दोन दप्तरांत नोंदली गेली. सोयरिकी मात्र सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना होत्या तशाच राहिल्या. त्याच वर्षी नेपानगरच्या कागद कारखान्याचे राष्ट्रार्पण पंडित नेहरूंच्या हस्ते झाले, आणि सातपुड्यातल्या सालई व बांबूपासून वृत्तपत्रांचा कागद होऊ लागला. २००३ साली पूर्व निमाड जिल्हा विभागून बुऱ्हाणपूरचा वेगळा जिल्हा झाला. आज इथल्या एखाद्या कोरकू ख्रिस्ती घरात आजी नातवाशी कोरकूत बोलते, नातू शाळेत हिंदी वाचतो, बाजारात हिंदी, निमाडी व वऱ्हाडी एकमेकींत मिसळतात, आणि रविवारी हाती धरायचे गीतपुस्तक मराठी असते. बदल स्वीकारावा की स्वीकारू नये हा प्रश्न या घराला कोणी कधी विचारलाच नाही. तो त्याच्या अंगणात आपसूक येऊन उभा राहिला. आता विचार करायचा तो एवढाच, की त्याच्याकडे ख्रिस्ती माणसाने भयाने पाहावे की आशेने.

आमचे वडील बंधू पहिला आधार इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायाचा देतात. ख्रिस्त काल, आज व सर्वकाळ एकच आहे, हे त्या अध्यायाचे सांगणे मला शिरोधार्य आहे, आणि त्यावर माझी सारी भिस्त आहे. परंतु वचन वाचताना ज्या अध्यायात ते आले तो अध्याय पुरता वाचावा, एवढी विनंती करण्याचा हक्क मला आहे. त्याच अध्यायात, अवघ्या काही ओळींनंतर, पत्रलेखक आपल्या वाचकांस सांगतो की येशूने वेशीबाहेर दुःख सोसले, तर आपणही छावणी सोडून त्याच्याकडे बाहेर जावे, कारण टिकून राहणारे नगर आपल्याला येथे नाही, जे येणार आहे त्याचा आपण शोध करतो. म्हणजे ख्रिस्ताच्या अविकारीपणाचा जो आधार वडील बंधू छावणीत राहण्यासाठी घेतात, तोच आधार पत्रलेखक छावणीतून बाहेर पडण्यासाठी देतो. ज्याचा स्वामी बदलत नाही त्याला मुक्काम बदलण्याचे भय उरत नाही, हा त्या अध्यायाचा सरळ अन्वय आहे, आणि तो उलटा फिरवून मुक्कामालाच स्वामीचे अविकारीपण बहाल करणे, ही मला अजाणतेपणी घडलेली मूर्तिपूजा वाटते. शब्द कठोर आहे, पण मी तो विचारपूर्वक वापरतो.

याहून खोल गोष्ट पुनरुत्थानाची आहे. आमच्या आशेचा सारा पाया ज्या रविवारी घातला गेला, त्या रविवारच्या शुभवर्तमानातील हकीकती किती विलक्षण आहेत ! मग्दालिया मरीया कबरेपाशी उभी असताना प्रभू तिच्यासमोर आला, आणि जिने त्याची इतकी सेवा केली होती तिने त्याला माळी समजले. अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्य त्याच्याबरोबर चालत गेले, शास्त्राचा अर्थ त्याच्या तोंडून ऐकत गेले, तरी भाकर मोडली जाईपर्यंत त्यांस ओळख पटली नाही. तोच प्रभू थोमाला आपल्या हातांचे व कुशीचे व्रण दाखवतो. जो मरून उठला तो तोच होता, आणि तरीही पूर्वीसारखा नव्हता. ओळख पटली ती त्याने नावाने मारलेल्या हाकेवरून, मोडलेल्या भाकरीवरून आणि प्रीतीपोटी सोसलेल्या जखमांवरून. देवाने आपल्या पुत्राला कबरेतून परत आणताना जुने रूप जसेच्या तसे परत आणले नाही, हे ज्याने एकदा मनावर घेतले, त्याला मंडळीच्या बदललेल्या रूपात प्रभू ओळखू येणे अशक्य आहे असे कसे म्हणवेल ?

दुसरा आधार यिर्मयाचा दिला जातो. चव्हाट्यावर उभे राहा, जुन्या वाटांची विचारपूस करा, असे त्या संदेष्ट्याने लोकांस सांगितले, हे खरे आहे. परंतु यिर्मयाच्या जुन्या वाटा कोणत्या होत्या ? परदेशी, अनाथ व विधवा यांच्यावर जुलूम न करणे, निरपराधाचे रक्त न सांडणे, खोट्या देवांच्या मागे न लागणे, या त्या वाटा होत. आणि जे लोक मंदिर आपल्याजवळ आहे तोवर आपले काही बिघडत नाही असे म्हणून निर्धास्त बसले होते, त्यांना याच यिर्मयाने मंदिराच्या दारात उभे राहून, शिलोच्या देवस्थानाची जी गत झाली तीच या मंदिराची होईल, असे बजावले. त्यापायी त्याच्या जिवावर बेतले. बाबेलला नेलेल्या बंदिवानांना त्याने पत्र धाडले, तेही परतीच्या दिवसाची वाट पाहत हात जोडून बसा असे सांगणारे नव्हते. घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा, आणि ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा, असा त्याचा मजकूर होता.

आणि मग बत्तिसाव्या अध्यायातले ते खरेदीखत. सिद्कीया राजाच्या दहाव्या वर्षी बाबेलच्या सैन्याने यरुशलेमाला वेढा घातला होता, नगर पडणार असे खुद्द यिर्मयाच सांगत होता, आणि तसे सांगितल्याबद्दल त्याला पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत टाकले होते. तेथे त्याचा चुलतभाऊ हनामेल आला आणि म्हणाला, अनाथोथ येथील माझे शेत तू विकत घे, वतनाचा हक्क तुझा आहे. शत्रूच्या सैन्याने व्यापलेल्या मुलखातली ती जमीन. तिची किंमत त्या दिवशी मातीच्या मोलाचीही नसेल. यिर्मयाने सतरा शेकेल रुपे तराजूत तोलून दिले, दस्तऐवज लिहिला, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, एक प्रत मोहरबंद व एक प्रत उघडी अशा दोन्ही प्रती नेरीयाचा मुलगा बारूख याच्या स्वाधीन केल्या, आणि त्या पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून मातीच्या भांड्यात ठेवण्यास सांगितले. कारण या देशात पुन्हा घरे, शेते व द्राक्षमळे यांची खरेदी-विक्री होईल, असे परमेश्वराने त्याला सांगितले होते. मला वाटते, ख्रिस्ती आशेचे इतके काटेकोर, इतके व्यवहारी वर्णन सबंध जुन्या करारात दुसरे नाही. यिर्मयाने संकट नाकारले नाही, जुने नगर वाचेल असा धीरही दिला नाही. जे येणार आहे त्यावर त्याने रोख पैसे मोजले. जग विनाशाकडे चालले आहे म्हणून हात आखडून बसा, असे सांगणाऱ्या बंधूंनी हे खरेदीखत एकदा आपल्या मंडळीत मोठ्याने वाचून दाखवावे. या सरहद्दीवरच्या कोरकू माणसाला, ज्याच्या पिढ्या जंगलजमीन कसता कसता गेल्या आणि जो २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर पट्ट्याच्या कागदासाठी कचेरीच्या पायऱ्या चढतो आहे, त्याला जमिनीचा कागद म्हणजे काय, तो कोणत्या काळजीने जपायचा असतो, हे निराळे समजावून द्यावे लागणार नाही.

तिसरा मुद्दा शास्त्राचा नाही, जिवाचा आहे, आणि म्हणूनच तो मला सर्वांत अधिक भिडतो : आपण मूठभर आहो, बदललो तर विरून जाऊ. अल्पसंख्य समाजाला आपल्या खुणा प्राणापलीकडे जपाव्या वाटतात, याला हसणारा मनुष्य निष्ठुर म्हणावा लागेल. पण ज्या खुणा आम्ही जपू म्हणतो, त्या आल्या कोठून याचा शोध घेतला पाहिजे. रविवारी ज्या गीतपुस्तकाला आमचे वडील बंधू हात जोडतात, त्यात रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पदे आहेत. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने ओवी व अभंग, भजन व कीर्तन ही वारकऱ्यांच्या व हरिदासांच्या घरची धने ख्रिस्ताच्या चरणी वाहिली, तेव्हा इंग्रजी चालींवर बेतलेली भाषांतरित गीते हीच ख्रिस्ती उपासनेची खरी गीते असे मानणारी माणसे होतीच. आज जे परंपरा म्हणून मिरवते ते त्या दिवशी धाडस होते. टिळक तेवढ्यावरही थांबले नाहीत. १९१७ साली मिशनची पगारी चाकरी सोडून ते साताऱ्यास गेले आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा सर्व ख्रिस्तभक्तांसाठी त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. दोन वर्षांतच त्यांचे देहावसान झाले. तो दरबार त्यांच्या कल्पनेप्रमाणे फुलला नाही. तरी ज्या पुरुषाने साठीच्या आतच आपली वृत्ती, आपला धर्म, आपली नोकरी आणि शेवटी मंडळीविषयीची आपली कल्पनाही प्रभूच्या नावाने बदलली, त्याची पदे बदलाच्या विरुद्ध तटबंदी म्हणून वापरणे हा त्याच्या स्मृतीवर अन्याय आहे.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण तर याहून बोलके. १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढणाऱ्या आणि पुढे केडगावला मुक्ती मिशन उभारणाऱ्या या विदुषीला, बायबलचे प्रचलित मराठी आपल्या आश्रमातल्या खेड्यापाड्यांतून आलेल्या स्त्रियांना समजत नाही, हे दिसले. तेव्हा संस्कृत जिच्या जिभेवर नाचत होते तिने उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकून सोप्या मराठीत सबंध बायबल उतरवण्यास घेतले, आणि आश्रमातल्याच स्त्रियांनी खिळे जुळवून ते छापले. १९२२ च्या एप्रिलमध्ये मृत्यू येईपर्यंत ते काम तिने सोडले नाही. जुनी भाषा पवित्र म्हणून दुर्बोध असली तरी चालेल, असे तिला म्हणता आले असते.

येथे वडील बंधूंना एक गोष्ट मी आनंदाने मान्य करतो : बदल घाईने लादला तर घर मोडते. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये ही गोष्ट जितकी प्रामाणिकपणे आली आहे तितकी मराठीत क्वचितच कोठे आली असेल. नवरा ख्रिस्ती झाला, ताटातूट झाली, पुन्हा एकत्र आल्यावरही ती माउली आपले सोवळे व आपली चूल निराळी राखून राहिली, आणि ज्या त्या माणसाच्या हातचे पाणी पिण्यापर्यंत तिचे मन आपल्याच पावलांनी, आपल्याच वेळी येऊन पोचले. टिळकांसारखा उतावळा मनुष्य या एका बाबतीत थांबला. वाट पाहणे हा आशेचाच एक भाग आहे. पण लक्ष्मीबाईंची चूल हळूहळू का होईना एक झाली. आमचे बंधू ती कायमची वेगळी ठेवा म्हणतात, आणि मतभेद नेमका तेथे आहे.

आता प्रत्यक्ष वादाच्या विषयाकडे येतो. या पट्ट्यातल्या तरुण मंडळींना उपासनेत कोरकू भाषेतली गीते, ढोलक आणि बासरी यांसह म्हणावयाची आहेत. त्याला विरोध होतो, आणि कारण असे सांगितले जाते की ढोलक गदली-सुसुनच्या नाचात वाजतो, जुन्या देवांच्या पूजेत वाजतो, म्हणून तो ख्रिस्ती उपासनेला वर्ज्य. या न्यायाने अभंगही वर्ज्य ठरला असता, कारण तो शतकानुशतके पंढरीच्या वाटेवर वाजत होता. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, संथाळी व मुंडारी यांची बहीण आणि त्या कुळाची सर्वांत पश्चिमेकडची शाखा. तिला आमच्या पूर्वकालीन मिशनऱ्यांनीही तुच्छ लेखले नव्हते. १८९० च्या सुमारास एलिचपूर व मेळघाटाच्या बाजूस कोरकूंसाठीच एक डोंगरी मिशन उभे राहिले, आणि जॉन ड्रेक यांनी लिहिलेले कोरकूचे व्याकरण १९०३ साली कलकत्त्यास छापले गेले. शंभरांवर वर्षांपूर्वी परक्या माणसाने जी भाषा ऐकून, लिहून, तिचे नियम शोधून काढण्याइतकी मोलाची मानली, ती तिच्या स्वतःच्या लेकरांनी प्रार्थनेत वापरू नये, हा हुकूम कोणत्या सनदेवर काढला जातो ? पहिल्या शतकात यरुशलेमातल्या वडिलांपुढे याहून बिकट प्रश्न आला होता. सुंता ही अब्राहामापासून चालत आलेली, प्रत्यक्ष देवाच्या आज्ञेची खूण. तरी परराष्ट्रीयांवर ते ओझे घालू नये, असा निर्णय पेत्र, पौल, बर्णबा व याकोब यांनी समोरासमोर बसून, वाद घालून दिला. ज्या मंडळीने सुंतेचा आग्रह सोडला तिच्या वारसांनी पेटीच्या सुरांसाठी आग्रह धरावा, हे शोभत नाही.

सर्वच गोष्टी ढोलकाइतक्या सोप्या आहेत, असे मी म्हणत नाही. कोरकू लोक आपल्या मृतांच्या स्मरणार्थ सागाच्या फळीवर सूर्य, चंद्र आणि घोडेस्वार कोरून तो ‘मुंडा’ उभारतात, आणि त्या विधीला बळीची व आत्म्याला पोचवण्याची जोड असते. बळी ख्रिस्ती माणसाला नको. तो एकदाच आणि पुरता दिला गेला आहे. परंतु बापाच्या नावाने सागाची फळी कोरावी, ही लेकाची इच्छा जर असेल, तर तिला सरसकट अधर्म म्हणण्यापूर्वी मंडळीने चार वेळा बसावे, म्हाताऱ्यांना विचारावे, प्रार्थना करावी, असे मला वाटते. ज्यांचा मृतांच्या पुनरुत्थानावर विश्वास आहे त्यांनी मृतांच्या आठवणीला भ्यावे, हे विपरीत आहे.

दुसऱ्या टोकाच्या बंधूंनाही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. जे जे नवे ते ते देवाचे, असे मानून मोठा ध्वनिक्षेपक, शहरी थाटाचे गायन आणि पैशाच्या आशीर्वादाचे प्रवचन यांनाच जे पवित्र आत्म्याचे वारे समजतात, त्यांची आशा यिर्मयाची नव्हे. मेळघाटच्या व्याघ्रप्रकल्पात गावे उठवली गेली, तो बदलच होता; त्याचे स्वागत करा असे त्या गावकऱ्यांना सांगण्याची माझी जीभ धजणार नाही. वसईत बिल्डरांच्या व गुंडांच्या रेट्याखाली शेते, विहिरी व वाड्या नाहीशा होऊ लागल्या तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीचे नेतृत्व करून त्या बदलाला जाहीर विरोध केला. आणि याच दिब्रिटोंनी ‘सुबोध बायबल’ लिहून शास्त्र आजच्या मराठीत आणले, आणि २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवून मराठी ख्रिस्ती माणसाला मराठीच्या भर मांडवात नेऊन बसवले. एकाच मनुष्याने एका बदलाला अडवले व दुसऱ्याला हात दिला. दोन्ही वेळा त्याची कसोटी एकच होती, की या बदलाने दुबळ्याचे घर राहते की जाते.

आपल्याच प्रांताच्या जुन्या राजधानीत, नागपूरला, २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा मंडळ्यांनी आपापली नावे खाली ठेवून उत्तर भारतीय मंडळी स्थापन केली. १९२९ पासून चाळीस वर्षे बोलणी चालली होती. बाळांना बाप्तिस्मा द्यावा की प्रौढांनाच, या एका प्रश्नावर युरोपात कधीकाळी रक्त सांडले होते. नागपुरात दोन्ही रीती एकाच मंडळीत नांदतील असे ठरले, आणि त्या आजवर नांदत आल्या आहेत. त्या दिवशीही, नाव गेले तर आपण जाऊ, अशी भीती पुष्कळांना वाटली असेल. आम्ही गेलो नाही. आमच्यात कज्जे झाले, मिळकतींचे तंटे झाले, त्यांची लाज मला आहे. पण ते जुन्या सवयींतून झाले, एकीमुळे नव्हेत.

राहता राहिली मुलांची गोष्ट. केळीच्या बागांवर, सोयाबीनच्या कापणीला, दूरच्या शहरांतल्या बांधकामांवर आमची तरुण मुले जातात, आणि नाताळाला परत येतात ती मोबाइलमध्ये हिंदी गीते, मनात नव्या शंका आणि कधी परजातीच्या सुनेचे नाव घेऊन येतात. त्यांना दारातच तपासणीसाठी उभे करू नये. टिळकांची पदे मंडळीत राहावीत, मी स्वतः ती मरेपर्यंत म्हणेन. कारभाराच्या समितीत स्त्रियांना व पंचविशीच्या मुलांना मताचा हक्क असावा. आणि येत्या नाताळच्या उपासनाक्रमात एका कोरकू गीताला जागा द्यावी, ते गीत कोणत्या शब्दांत बसवायचे हे त्या मुलांच्या आज्यांना आधी विचारून घ्यावे.